झाकून ठेवलेली साय

१

चार वर्षं यशश्रीने दिवसातून तीस-चाळीस वेळा एकच प्रश्न ऐकला होता. ‘‘यशू आली का? तिची साय ठेवलीये झाकून.’’ विचारणारी तिची आई, आणि विचारायची कोणाला, तर यशूलाच.

शाळेतून घरी आलं की वाटीत साय आणि वर चमचाभर साखर, हा पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा रिवाज. कुसुमताई गायधनींच्या डोक्यातून नवऱ्याचं नाव पुसलं गेलं, मुलाचं गेलं, स्वतःचा पत्ता गेला, ही वाटी तेवढी शिल्लक राहिली. समोर बसलेली चौपन्न वर्षांची, चष्म्याची, गुडघे धरून उठणारी बाई म्हणजेच यशू, हे त्यांना पटवणं मात्र कोणाच्या बापाला जमलं नाही. यशश्रीने सगळे प्रकार करून पाहिले. ‘‘मीच यशू’’ म्हणून पाहिलं, ‘‘येईल हं’’ म्हणून पाहिलं, ओरडूनही पाहिलं. एकदा तर ती उशीत तोंड खुपसून रडत होती आणि आई दाराबाहेरून विचारत होती, यशू आली का.

आणि गेल्या तीन आठवड्यांपासून प्रश्न बंद. आई खुर्चीत बसायची, भरवलं तर खायची, दाराकडे बघायचीसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, ही पुढची पायरी. यशश्रीला कित्येक महिन्यांनी सलग झोप लागली. चौथ्या दिवशी त्या झोपेची तिला लाज वाटायला लागली, पण झोप काही तिने सोडली नाही. माणूस थकलं की लाजेलाही फार काळ उभं राहू देत नाही.

पुण्याहून धाकटा भाऊ आल्हाद मधेच एकदा येऊन आईला सायखेडा रोडवरच्या ‘गोदासांज’मध्ये दिवसभर ठेवून आला होता. विसरभोळेपणाच्या आजाराने पुरतं ग्रासलेल्या म्हाताऱ्यांसाठी काढलेलं घर. सकाळी दहाला सोडलं, सहाला आणलं. यशश्री त्या दिवशी कामाला मालेगावला होती. ‘‘ताई, चांगली जागा आहे. येत्या सोमवारपासून खाट मिळतेय. तूही माणूसच आहेस ना,’’ असं तो फोनवर म्हणाला. तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

आता तिचं काम म्हणजे नेमकं अशीच घरं तपासायचं. एका संस्थेसाठी ती वृद्धनिवासांना गुण द्यायची. पूर्वी ती सरकारी दवाखान्यात परिचारिका होती, त्यामुळे चादर उचलून काय बघायचं हे तिला कळायचं. या आठवड्याच्या यादीत ‘गोदासांज’चं नाव आलं तेव्हा तिने कार्यालयात सांगायला हवं होतं, की इथे माझीच आई येणार आहे, दुसऱ्या कोणाला पाठवा. तिने सांगितलं नाही. सासरचं आडनाव दातार, आईचं गायधनी, कोणाच्या लक्षात येणार. तिला ते घर स्वतःच्या डोळ्यांनी, कोपरा न् कोपरा बघायचं होतं. सोमवारला तीनच दिवस उरले होते.

२

द्वारका चौकाच्या गर्दीतून सुटायलाच अर्धा तास गेला. पुढे रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंच्या बागांत द्राक्षांचे घड कागदात गुंडाळलेले होते आणि उन्हात अजून गारवा होता.

‘गोदासांज’ बैठं, पांढरं, स्वच्छ. मधून लांबलचक व्हरांडा, दोन्ही बाजूंना आठ-आठ खोल्या. व्यवस्थापक देवव्रत दारातच उभा होता, चाळिशीचा, हळू बोलणारा.

‘‘नमस्कार, मी य...’’

‘‘या ना मॅडम, या. इथे लिहा नाव,’’ असं म्हणून त्याने घाईने वही पुढे सरकवली. तिने ‘य. दातार, निरीक्षक’ लिहिलं आणि येण्याची वेळ टाकली.

तिच्या तक्त्यात बावीस प्रश्न असायचे, प्रत्येकाला गुण. आणि तेविसावा वेगळाच, त्याला फक्त हो किंवा नाही. *तुमच्या स्वतःच्या माणसाला इथे ठेवाल का?* तो ती शेवटी सोडवायची. नऊ वर्षांत तिने तिथे ‘हो’वर तीन वेळा खूण केली असेल, तीही उदार मनाने.

ती कामाला लागली. नखं पाहिली, कानांच्या मागे पाहिलं, गादीचा कोपरा उचलून वास घेतला. न्हाणीघरातल्या दांडीला स्वतःचं सगळं वजन टाकून लोंबकळली. बोलावण्याची घंटी दाबून सेकंद मोजले. अकराव्या सेकंदाला सुलाबाई आली, सायखेड्याचीच, पन्नाशीची, पदर खोचलेली. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती, आणि याच गोष्टीचा तिला मनातून राग येत होता. चांगली जागा निघाली तर सोमवारी आईला आणून सोडायचं नाही म्हणायला तिच्याकडे काय उरणार होतं.

एक मात्र होतं. अशा घरांत कोणीतरी सतत हाका मारत असतं. कोणी आईला, कोणी पोराला, कोणी कधीच्या मेलेल्या म्हशीला. इथे पंधरा म्हातारी माणसं होती आणि कोणी कोणाला शोधत नव्हतं. तिने ताबडतोब औषधांचे तक्ते मागवले. झोपेचं औषध एकालाही नव्हतं. डोळे बॅटरीने पाहिले, स्वच्छ होते. शेवटी ‘वातावरण शांत’ असं लिहून तिने पूर्ण गुण दिले.

‘‘कर्मचाऱ्यांच्या छातीवर नावाच्या पट्ट्या नाहीत,’’ ती म्हणाली.

‘‘नाही लावत मॅडम. इथे सगळ्या मावश्या आणि सगळे दादा. नावांनी गोंधळ होतो.’’

‘‘नियमात आहे.’’

‘‘मग गुण कापा,’’ देवव्रत शांतपणे म्हणाला. तिने कापले.

३

घराने प्रत्येकाच्या स्मरणाची जी नोंद ठेवलेली असते, ती खरी की थापेबाजी, हे बघायला निरीक्षक दोन-चार जणांची स्वतः परीक्षा घेतो. साधी पद्धत. तीन शब्द सांगायचे, म्हणवून घ्यायचे, पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलायचं, मग पुन्हा विचारायचे. शब्द दर वेळी नवे घ्यावेत असा नियम. यशश्री नऊ वर्षं तेच तीन वापरत होती. आंबा, किल्ली, विहीर. कंटाळा, दुसरं काय.

पहिल्या खोलीत खंडेराव. विंचूरच्या बाजारात त्यांनी जन्मभर कांद्याचा लिलाव पुकारला होता. आता गुडघ्यावर घोंगडी घेऊन खिडकीशी बसले होते.

‘‘काका, तीन शब्द सांगते. आंबा. किल्ली. विहीर. लक्षात राहतील ना काका?’’

म्हातारा खुलला. मान वर करून त्याने लिलावाच्या सुरात पुकारा केला, ‘‘आंबा एक वार. किल्ली दोन वार. विहीर तीन वार.’’

तिला हसू आलं. पाच मिनिटं कांद्याच्या गोष्टी झाल्या. मग तिने विचारलं, तर खंडेरावांना काहीच आठवेना. शब्द सांगितले होते हेही आठवेना. नोंदीशी जुळत होतं. दिलेले शब्द लिहायचे म्हणून तिने कागदावर पेन टेकवलं आणि ते तिथेच थांबलं.

तीन शब्द. पहिला काहीतरी खायचा होता. की नव्हता? नऊ वर्षं, शेकडो म्हाताऱ्यांना सांगितलेले शब्द. जिभेवर यावेत तर जिभेवर काहीच नव्हतं, यायच्या बेतातलंसुद्धा काही नव्हतं. सकाळी धड खाल्लं नाही म्हणून होतंय, असं तिने स्वतःला समजावलं. पाणी प्यायली. त्या जागी तिने रेघ ओढली आणि पुढे गेली.

४

सावित्रीबाईंची खोली दुसऱ्या टोकाला होती. नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, अंगावर इस्त्रीचं पातळ, केस चापून बसवलेले. ‘‘या, बसा,’’ त्या बारीक आवाजात म्हणाल्या. मधे चौदा खोल्या आणि तीन बंद दारं.

‘‘बाई, मी तुम्हाला तीन शब्द...’’ यशश्री म्हणाली आणि अडखळली. शब्द होते कुठे सांगायला.

सावित्रीबाईंनी मान वर केली. त्यांचा तो शाळामास्तरणीचा बारीक आवाज कुठे गेला कोण जाणे. रुंद, खरखरीत सुरात त्या म्हणाल्या, ‘‘आंबा एक वार. किल्ली दोन वार. विहीर तीन वार.’’

यशश्री त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिला चांगलाच राग आला, आणि रागाने बरंही वाटलं. सरळ आहे की. नऊ वर्षं एकच शब्द वापरले. जिल्ह्यातल्या घराघरांत माहीत झाले असणार, दातार मॅडम आल्या की आंबा-किल्ली-विहीर. या लोकांनी म्हाताऱ्यांकडून घोकून घेतले. म्हणजे चोरी यांची, पण दाराला कडी घालायची राहिली ती आपल्याच हातून.

पण मग खंडेरावांना का नाही पढवलं? आणि लिलावाचा तो सूर खंडेरावांनी तर आत्ता, तिच्यासमोर लावला होता. तिने तो विचार बाजूला ठेवला. असे विचार बाजूला ठेवायची तिला चार वर्षांत सवय झाली होती.

५

तिने व्हरांड्यात उभ्याने तीन नवे शब्द ठरवले, एका चिठ्ठीवर लिहिले, चिठ्ठीची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि पर्सची चेन ओढली. मग पुन्हा खंडेरावांच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. खोलीत कॅमेरा नव्हता, ते तिने सकाळीच पाहिलं होतं. वाकून त्यांच्या कानाशी लागून तिने शब्द सांगितले. म्हातारा नुसता हसला.

तिसरी परीक्षा साळूबाईंची. नोंदीत लिहिलं होतं, आठ महिने अंथरुणाला खिळून, बोलणं नाही. परीक्षा कसली घेणार, फक्त नोंद तपासायची. यशश्री खाटेजवळ बसली, पाठीला चट्टे पडलेत का पाहिलं. पाठ लहान मुलासारखी स्वच्छ होती. ती हे लिहून घेत असताना साळूबाईंचे ओठ हलले.

‘‘चिंच. बादली. घंटा,’’ त्या म्हणाल्या. मग गोड समजुतीच्या सुरात, ‘‘लक्षात राहतील ना काका?’’

‘‘बघा, बोलल्या,’’ यशश्रीने दारातल्या सुलाबाईला आनंदाने सांगितलं. ‘‘काहीतरी बरळल्या. चिंच, बादली म्हणतायत.’’

 सुलाबाई जमिनीकडे बघत होती.

म्हातारी काकांना का विचारतेय, असं यशश्रीच्या मनात आलं. तिने पर्सची चेन उघडली, चिठ्ठी काढली, घडी उलगडली. अक्षर तिचंच होतं. ‘चिंच, बादली, घंटा.’ ते शब्द तिने लिहिले होते, म्हणजे तिनेच ठरवले असणार. तिला त्यातला एकही ओळखीचा वाटेना.

६

जेवण चांगलं होतं. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी. व्हरांड्याच्या पायरीवर बसून ती दोन घास खात होती आणि सुलाबाई शेजारी ताटं विसळत होती.

‘‘सुलाबाई, इथे कोणी आपल्या माणसांना हाका कशा मारत नाही?’’

‘‘पहिले चार-दोन दिस मारतेत, मॅडम. मंग निवतेत.’’

‘‘असं कसं निवतात? माझी...’’ आई म्हणायचं तिने टाळलं. ‘‘माझ्या बघण्यात चार-चार वर्षं हाका मारणारी माणसं आहेत.’’

सुलाबाईने ताट पालथं घातलं. ‘‘हितं बोललेलं हितंच राहतंय, असं वाटतं मला. लय शिकलेली नाय मी. पन मी घरचं काय बी बोलत नाय हितं. एकदा लेकराचं नाव घेतलं होतं. दोन दिस त्याचं नाव आठवलं नाय मला. घरी त्याला ए पोरा, ए पोरा करीत व्हते.’’

‘‘दमणूक असेल.’’

‘‘असंल.’’

‘‘मग आठवलं कसं?’’

‘‘नवीन बाबा आले व्हते राह्याला, त्या दिशी आठवलं. हितं नवं मानूस आलं का जुन्यातलं कोन तरी एकदम हुशार व्हतं. ह्याच महिन्यात खंडेरावांनी दोन दिस पोराला नावानं वळखलं. एक आजी आल्या व्हत्या तवा. दिवसभरच व्हत्या. तिकडच्या शेवटल्या खोलीत बसवलं व्हतं. गोऱ्यापान, हिरवी शाल. लय जीव लावून विचारायच्या एकच.’’

यशश्रीच्या हातातला घास हातातच राहिला. हिरवी शाल तिनेच आईला घेतली होती. तीन आठवडे. आल्हादने आईला इथे आणलं त्यालाही तीन आठवडेच झाले होते. आई काय विचारायची ते तिने सुलाबाईला विचारलं नाही, आणि सुलाबाईनेही ते तोंडातून काढलं नाही.

ती मनात म्हणाली, मी नर्स होते. मेंदूतल्या पेशी मरतात, म्हणून माणूस विसरतं. त्याला घर लागत नाही, सायखेडा रोड लागत नाही. हे तिने दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा ते खरं होतं आणि दोन्ही वेळा त्याचा काही उपयोग झाला नाही.

७

दुपारी दोन ते तीन विश्रांती. या वेळात आवाज किती असतो ते बघायचा प्रश्न एकोणिसावा. खोल्यांची दारं अर्धी उघडी ठेवलेली असतात. यशश्री तक्ता हातात धरून व्हरांड्यातून हळूहळू चालायला लागली. पंखे फिरत होते. बाहेर लांब कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता.

पहिल्यांदा तिला ते कुजबुजीसारखं वाटलं. मग कळलं की सगळ्या खोल्यांतून एकच वाक्य चाललंय. एक जण म्हणे, मग पलीकडचा म्हणे, पंगतीत पात्र पुढे सरकवावं तसं.

‘‘यशू आली का?’’

खंडेराव डोळे उघडे ठेवून आढ्याकडे बघत म्हणाले. ‘‘तिची साय ठेवलीये झाकून.’’ त्यांच्या समोरच्या खोलीतल्या बाई म्हणाल्या. साळूबाई म्हणाल्या. आवाज ज्याचा त्याचा होता, पण ‘का’ किंचित ओढायची ती लकब, प्रश्नानंतर घसा खाकरायची ती सवय, हे सगळं आईचं. चार वर्षांत हजारो वेळा ऐकलेलं. कंटाळून ऐकलेलं.

ती चालत शेवटच्या खोलीपर्यंत गेली. सोमवारसाठी राखून ठेवलेली ती खोली. पांढरी चादर, नवी उशी, माणूस नाही. पण चादरीच्या कडेला, कोणी टेकून बसावं तेवढीच गादी दबलेली होती. शेजारच्या स्टुलावर स्टीलची वाटी होती आणि वाटीवर बशी झाकलेली होती.

‘‘यशू आली का?’’ त्या रिकाम्या खाटेकडून आलं.

तिने बशी उचलून पाहिली नाही. तक्ता भिंतीवर टेकवला, तेविसावा प्रश्न काढला आणि ‘नाही’वर खूण केली, कागद फाटेपर्यंत दाबून. नऊ वर्षांत इतक्या खात्रीने तिने कोणतंच उत्तर दिलं नव्हतं. आता तोंड मिटून, एक अक्षर न बोलता, गाडीपर्यंत जायचं होतं. बास. इथे बोललेलं इथे राहतं. तिला ते कळत होतं, पटत नव्हतं तरी कळत होतं.

‘‘यशू आली का? तिची साय ठेवलीये झाकून.’’

आईजवळ जगात एवढं एकच उरलं होतं. घर नाही, नाव नाही, नवरा-मुलगा नाही, फक्त शाळेतून यायची असलेली एक पोर. आणि ते एकही आपण तिच्याकडून जाऊ दिलं, वर तीन आठवडे ढाराढूर झोपलो. यशश्रीला आईची इतकी आठवण आली, की जणू आई घरी खुर्चीत बसलेली नसून कधीच गेलेली होती. त्या प्रश्नाला चार वर्षांत तिने कधी नीट उत्तर दिलं होतं? ‘मीच यशू’ म्हटलं होतं, पण वैतागून. ‘आले’ असं एकदाही नाही.

‘‘यशू आली का?’’

‘‘आले गं आई,’’ ती म्हणाली. ‘‘मी यशू. तुझी यशश्री. आले बघ मी.’’

सगळ्या खोल्या एकदम गप्प झाल्या. ट्रॅक्टरही ऐकू येईना. मग व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून खंडेरावांचा मोकळा, जाणता आवाज आला.

‘‘यशू एक वार.’’

ती वळली आणि भरभर चालायला लागली. गुडघे दुखत होते.

‘‘यशू दोन वार.’’ हे सावित्रीबाईंच्या खोलीतून.

शेवटचं तिने दाराच्या उंबऱ्यात ऐकलं. पंधराही जण एकदम म्हणाले, अगदी हळू.

८

देवव्रतने वही उघडून समोर ठेवली. ‘‘झालं मॅडम? निघायची वेळ टाका फक्त.’’

तिने पेन हातात घेतलं. पानावर चार-पाच नावं होती. दूधवाला, डॉक्टर, कोणाचे तरी नातेवाईक. ती वरून खाली वाचत गेली, मग खालून वर. देवव्रत तिच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर दया होती की नुसती सवय होती, ते सांगता येत नाही.

सुलाबाई पुढे झाली. तिने एका ओळीवर बोट ठेवलं. ‘‘हितं टाका, मॅडम.’’

ती ओळ छान वळणदार अक्षरात लिहिलेली होती. तिने त्यापुढे वेळ टाकली. कोणा दातार म्हणून बाई आल्या होत्या वाटतं.

फाटकाबाहेरच्या गाडीपर्यंत सुलाबाई सोबत आली. दार उघडून तिने तिला आत बसवलं, तक्ता शेजारच्या सीटवर ठेवला, आणि मगच बोलली. ‘‘कशाला वो बोलल्या तुमी?’’ तिचे डोळे भरले होते. ‘‘आता हात वळवतील तशी गाडी वळवा. हातांना ठावं असतंय.’’

हातांना खरंच माहीत होतं. कागदात गुंडाळलेली द्राक्षं मागे गेली, द्वारकेचा गोंगाट आला, मागे गेला. एका इमारतीच्या सावलीत हातांनी गाडी लावली. डोकं हलकं झालं होतं. थकवासुद्धा कुठे तरी उतरवून ठेवल्यासारखा नाहीसा झाला होता.

९

दार निकिताने उघडलं. दिवसभर आजींना सांभाळायला यायची ती मुलगी, हातात पोळीचं लाटणं घेऊन तशीच धावत आली होती.

‘‘ताई, लवकर आत या. दोन-अडीचपासून आजींनी परत सुरू केलंय बघा. मला वाटलं आता कधी बोलतच नाहीत.’’

खुर्चीत एक गोऱ्यापान म्हातारबाई बसल्या होत्या, खांद्यावर हिरवी शाल. त्यांनी खुर्ची दाराकडे वळवून घेतली होती. डोळे लकाकत होते.

‘‘यशू आली का?’’ त्यांनी विचारलं आणि घसा खाकरला. ‘‘तिची साय ठेवलीये झाकून.’’

दारात उभ्या बाईला भरून आलं. इतका आनंद तिला कशाचा झाला ते तिला कळेना, पण झाला. कोणाचं तरी हरवलेलं काही सापडलं होतं, एवढं नक्की.

‘‘ताई, सोमवारी न्यायचंय ना आजींना तिकडे?’’ निकिताने विचारलं. ‘‘बॅग भरायला घेऊ?’’

हातात एक तक्ता होता. तिने पानं उलटून पाहिली. शेवटच्या प्रश्नात ‘नाही’वर कोणीतरी कागद फाटेपर्यंत खूण केली होती. त्याखाली निरीक्षकाच्या नावाची जागा कोरी होती.

‘‘इथे नाही लिहिलंय,’’ ती म्हणाली. ‘‘ज्या बाईंनी लिहिलं त्यांनी नीट बघूनच लिहिलं असेल. कुठे नको न्यायला यांना.’’

निकिताला बरं वाटलं. ती स्वयंपाकघरात गेली. बाई चपला काढून म्हातारबाईंच्या शेजारी वेताच्या मोड्यावर बसली. त्यांनी तिचा हात हातात घेतला. त्यांचा हात ऊबदार होता.

‘‘यशू आली का हो?’’

‘‘नाही अजून,’’ ती म्हणाली. ‘‘येईल हं.’’

ताई पूर्वीही अधूनमधून असंच म्हणायच्या, त्यामुळे आत पोळ्या लाटणाऱ्या निकिताला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

‘‘उशीर झाला हो आज तिला,’’ म्हातारबाई काळजीने म्हणाल्या.

‘‘साय ठेवलीये ना झाकून?’’ ती म्हणाली. ‘‘मग येईलच.’’ आणि दोघी हातात हात घेऊन दाराकडे बघत बसल्या.